एक वाडा, तीन चुली, एकच नेट

ग्वाल्हेरचं लष्कर म्हणजे आता छावणी नाही, शहराचाच मोठा भाग आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे तळ टाकला, तळाचं गाव झालं, नाव मात्र तळाचंच राहिलं. मराठी घराण्यांची नावं आजही वस्त्यांना आहेत: फाळके बाजार, पाटणकर बाजार, चिटणीसांची गोठ. आमचा वाडा त्याच भागात. भिंती इथल्याच वाळूच्या दगडाच्या, खालच्या मजल्यावर दोन फुटांहून जाड, आणि छतालाही दगडाच्याच लांब पटिया. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत माणूस सुखाने दुपारची झोप घेतो ते या दगडामुळे. आणि पुढच्या खोलीतलं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, तेही या दगडामुळेच.

वाड्यात तीन चुली आहेत. पुढे आम्ही, माडीवर काका-काकू, मागच्या चौकात चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी. गेल्या वर्षापर्यंत तीन कनेक्शनं होती, तीन बिलं, प्रत्येक बिलावर १८ टक्के जीएसटी, आणि तिन्ही घरांत तक्रार एकच: नेट अडकतं. शेवटी सगळ्यांनी बसून ठरवलं की एकच चांगलं कनेक्शन घ्यायचं आणि ते वाडाभर नीट फिरवायचं. काम माझ्याकडे आलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे, कारण एकाच आवारात राहणारी अशी घरं पुष्कळ आहेत आणि बहुतेक ठिकाणी चूक एकाच जागी होते. नेट अडकलं की आपण प्लॅन वाढवतो. पण नेट घरापर्यंत येणं ही एक गोष्ट आणि घरात फिरणं ही दुसरी. आपली अडचण बहुधा दुसऱ्या गोष्टीत असते, आणि प्लॅन फक्त पहिलीचा असतो.

आधी घरापर्यंत येणारी वाट पाहू. आता बहुतेक ठिकाणी ती फायबरची असते. बाहेरून दिसते ती काळी किंवा पांढरी वायर. आत काचेचा एक धागा, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम ९ मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्याही सात-आठ पट बारीक. त्यातून दोन वेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकाच वेळी उलटसुलट जातात, १४९० नॅनोमीटरचा आपल्याकडे येतो आणि १३१० चा आपल्याकडून जातो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून काढलेल्या टोकात डोकावून कधीही पाहू नये. खांबावरच्या पेटीत हा धागा फुटतो आणि एकाच धाग्यावर बहुधा ३२ किंवा ६४ घरं बसतात. सगळ्यांत नेहमीच्या पद्धतीत त्या सर्वांना मिळून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट उपलब्ध असतात. म्हणजे आपण वाड्यात नेट वाटून घेण्याच्या आधीच गल्लीने ते वाटून घेतलेलं असतं, आणि तरी चालतं, कारण सगळे एका क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत. हे लक्षात राहिलं की तीन कुटुंबांना एक कनेक्शन पुरेल का ही भीती कमी होते.

काचेचा धागा वाकतो, पण किती वाकवायचा याला मर्यादा आहे. फार घट्ट वाकवला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. मी घरात सगळ्यांना एकच माप सांगून ठेवलं आहे: बांगडीपेक्षा लहान वेटोळं नको. दिवाळीच्या आधी रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्याने लोंबणारी जादा वायर नीट दिसावी म्हणून खिळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवली. संध्याकाळी फायबरच्या डबीवर ‘LOS’ लिहिलेला दिवा लाल. लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाही. मी ती गुंडाळी सोडवली, मोठं सैल वेटोळं करून टेपने चिकटवलं, आणि अर्ध्या मिनिटात दिवा विझला. तक्रार नोंदवायच्या आधी त्या दिव्याकडे आणि वायरच्या वळणांकडे बघा. दिवा लाल नसेल तर दोष बहुधा घरातच शोधावा.

आता वेग. प्लॅनवर लिहिलेले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात, आणि फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि एक जीबीची फाइल उतरायला साधारण ८० सेकंद. स्वच्छ एचडी चित्रपटाला ५ मेगाबिटच्या आसपास लागतात, फोर-केला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला दोन ते चार. आमच्याकडे रात्री आठला दोन टीव्ही, दोन-तीन कॉल आणि पाच-सहा मोबाइल चालू असतात. सगळं धरूनही बेरीज ५० च्या पुढे क्वचित जाते. २००४ साली आपल्या देशात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून किमान २ मेगाबिट लागतात. त्या मानाने १०० म्हणजे भरपूर आहेत. तीनशेचा प्लॅन घेऊन माडीवर पाच मिळण्यापेक्षा शंभराचा घेऊन माडीवर नव्वद मिळवावेत.

मग ते नव्वद अडतात कुठे? त्यासाठी राउटर काय करतो ते समजलं पाहिजे, आणि वाड्यात राहणाऱ्याला ते समजावणं सोपं आहे. राउटर म्हणजे देवडी. बाहेरच्या जगाला वाड्याचा पत्ता एकच ठाऊक असतो. टपाल देवडीत येतं आणि देवडीवरचा माणूस ते माडीवर, पुढे, मागच्या चौकात पोचवतो, कारण कोणी कुणाला पत्र धाडलं होतं ते त्याने वहीत टिपून ठेवलेलं असतं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत, प्रत्येक मोबाइलला वेगळा पुरत नाही. म्हणून घराला बाहेरचा पत्ता एक आणि आतल्या प्रत्येक उपकरणाला राउटर घरगुती पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो फक्त आवारात चालतो. शेजारच्या घरातही तोच असू शकतो, जसा ‘माडीवर’ हा पत्ता प्रत्येक वाड्यात असतो.

इथेच ती नेहमीची चूक होते. एक कनेक्शन ठेवलं की जुने दोन राउटर रिकामे होतात, आणि आपण ते तसेच पुढे जोडून टाकतो. म्हणजे एका देवडीच्या आत दुसरी देवडी. दोघांच्या वह्या वेगळ्या, दोघं आपापले पत्ते वाटणार. नेट वरवर चालतं, पण काकांच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसत नाही, एखादा कॉल लागत नाही, आणि कारण कुणाला कळत नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा, करा. ती सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्या, आणि मुख्य राउटरकडून आलेली वायर वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ (बाहेरच्या नेटच्या) भोकात न लावता ‘लॅन’च्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात लावा. आता तो देवडी उरला नाही, माडीवरचा दिवा झाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड तिन्ही ठिकाणी सारखे ठेवा, म्हणजे फोन हातात घेऊन चौकातून वर गेलं तरी तो स्वतःच जवळचा धरतो.

देवडीवरच आणखी एक घोळ होतो, आणि त्याने आम्हाला सगळ्यांत जास्त छळलं. काकू गाणं शिकवतात, आता पुष्कळ विद्यार्थी बाहेरगावचे म्हणून व्हिडिओवर. दादाच्या मुलाची मुंज झाली त्या रात्री घरातल्या आठ-दहा फोनांत शेकडो फोटो आणि लांबलचक व्हिडिओ होते, आणि घरी येऊन वायफाय मिळताच सगळे फोन आपापला बॅकअप चढवायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या ताना तुकड्या-तुकड्यांनी पोचत होत्या. डाउनलोड तपासलं तर पूर्ण ठीक. अडलं होतं ते अपलोड. बाहेर जाणाऱ्या वाटेवर व्हिडिओंच्या भरलेल्या गाड्यांची रांग, आणि काकूंच्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्या रांगेत शेवटी उभं. इतकंच नाही, आपण काही उतरवतो तेव्हाही ‘मिळालं, पुढचं धाडा’ अशी पोच सतत बाहेर जात असते. ती पोच रांगेत अडकली की डाउनलोडही मंद होतं, आणि मग घरभर सगळंच अडकल्यासारखं वाटतं.

याला राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘बँडविड्थ कंट्रोल’ नावाची, म्हणजे कोणी किती आणि कोणी आधी हे ठरवणारी, सोय असते. वेग मोजून घ्यायचा आणि अपलोडची मर्यादा त्याच्या नव्वद टक्क्यांवर बांधायची. आपणच वेग कमी का करायचा, असं दादाने विचारलं. कारण रांग लागणारच असेल तर ती कंपनीच्या डबीत लागण्यापेक्षा आपल्या देवडीत लागावी. इथे आपण ठरवू शकतो की काकूंचा लॅपटॉप आधी जाईल. दहा टक्के सोडले आणि कॉल तुटणं थांबलं. शिवाय फोनांचे मोठे बॅकअप रात्री घ्यायचे असं ठरलं.

गाणं शिकवणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट सांगतो, कारण ग्वाल्हेरात अशी घरं बरीच आहेत. कॉलचं सॉफ्टवेअर एकसारखा घुमणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजून कापतं, आणि त्यात तंबोरा जातो. सेटिंगमध्ये मूळ आवाज तसाच ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. आणि कनेक्शन कितीही चांगलं असो, दोन गावांतून एका वेळी एका सुरात गाता येत नाही. प्रकाशही फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच धावतो, वाटेतली यंत्रं आणखी थोडा वेळ घेतात, आणि लयीला एवढा उशीर सहन होत नाही. गुरूने गावं आणि मग शिष्याने म्हणावं, ही जुनी रीत मात्र या उशिरातही बिनतक्रार चालते.

आता भिंती. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी किंवा थोडी कमी. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला, ५ चा मोठा भाग २०१८ मध्ये. ५ चा वेग जास्त, पण जाड दगडात तो आधी मरतो. २.४ दूरवर जातो, पण तिथे गर्दी. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच जागी गुरगुरतो, आणि गल्लीतल्या वीस घरांचे राउटर तिथेच बोलत असतात. त्या पट्ट्यात एकमेकांना न खेटणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटर आपोआप भलताच चॅनेल निवडत असेल तर या तिन्हींपैकी जिथे शेजारी कमी तो हाताने निवडावा.

राउटर कुठे ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारी फुकट ॲप्स आहेत. आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो, उणे ८० ला काही खरं नाही. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, म्हणून उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटींचा फरक आहे. मी एका हातात फोन आणि एका हातात खडू घेऊन वाडाभर फिरलो आणि प्रत्येक चौकटीवर आकडा लिहिला. पुढच्या खोलीत उणे ४२. भिंतीपलीकडे, अवघ्या सहा पावलांवर, उणे ७८. तिथून दोन पावलं सरकून दाराच्या रेषेत उभं राहिलं की उणे ५९. काका मागून बघत होते, ते म्हणाले, "अरे, हे तर दारातूनच येतंय." खरंच तसं आहे. दगडी घरात वायफाय माणसासारखं चालतं, दारा-खिडक्यांतून. राउटर कोनाड्यात किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता दारासमोर, डोक्याच्या उंचीच्या वर ठेवला तर निम्मं काम तिथेच होतं. दांडीसारखा अँटेना असेल तर त्याचा सिग्नल जात्याच्या पाळूसारखा आडवा पसरतो, दांडीच्या टोकाकडे जवळजवळ जातच नाही. वरच्या मजल्यासाठी एक दांडी आडवी करून बघावी.

एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत चाललं आणि मग मागच्या चौकातून दादाचा फोन आला की पुन्हा नेट गेलं. काही बदललं नव्हतं, फक्त कूलर बाहेर काढून खिडकीत बसवला होता. पत्र्याची पेटी आणि पोटात चाळीस लिटर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतो. आमच्या सिग्नलची एकमेव खिडकी त्याने बुजवली होती. उत्तर भारतात राहणाऱ्यांनी राउटरची जागा उन्हाळा धरूनच निवडावी. पाण्याची टाकी, फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा यांचंही तेच.

दूरच्या खोलीसाठी लोक रिपीटर आणतात, तो भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच पुढे सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे तो लावला तर पुढे काय सांगणार? माझं मत स्पष्ट आहे: जिथवर वायर नेता येते तिथवर वायर न्या, आणि शेवटच्या चार पावलांसाठीच वायफाय ठेवा. कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट न दमता नेते. आम्हाला एवढ्या जुन्या दगडाला ड्रिल लावायचं नव्हतं, पटियेला तर मुळीच नाही, ती तडकली तर छतच गेलं. सुदैवाने जुन्या विजेच्या घंटीची वायर पूर्वी जिन्याच्या कडेने माडीवर जायची, तिचं भोक तयार होतं. त्यातूनच नवी ओढली. विजेच्या वायरीपासून ती वीतभर दूर ठेवली.

टोक मी स्वतः बसवलं, ते कोणालाही शिकता येतं. आत आठ बारीक तारा, दोन-दोन पिळलेल्या. पीळ असतो म्हणून बाहेरचा गोंगाट त्यांत कमी शिरतो. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. मग क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. पहिल्या खेपेस माडीवरचा वेग ९४ च्या पुढे जाईना आणि राउटरच्या पानावर जोडणी हजाराऐवजी शंभराची दिसत होती. हजाराला आठही तारा लागतात, एखादी सुटली की जोडणी चार तारांवर, म्हणजे शंभरावर उतरते, हे ठाऊक होतं म्हणून टोक उजेडात धरून पाहिलं. शेवटची तपकिरी तार पितळी दातापर्यंत पोचलीच नव्हती. टोक कापून पुन्हा बसवलं.

मागच्या चौकात जायला उघड्यावरून वायर न्यावी लागते. तिथे तांब्याची नेली नाही. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर तांब्यातून झटका दोन्ही टोकांच्या यंत्रांत शिरू शकतो. तयार फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना तांबं-फायबर जोडणारे दोन छोटे कन्व्हर्टर लावले. काचेतून वीज वाहत नाही.

पासवर्डबद्दल मी घरात कडक आहे. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घराच्या दारात आले. कनेक्शन ज्याच्या नावावर, उत्तर द्यायची वेळ आधी त्याच्यावर येते. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवावी, बटण दाबून जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करावं, आणि राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क उघडावं. एका कुटुंबाने एका आवारात वापरणं वेगळं आणि गल्लीत पैसे घेऊन नेट देणं वेगळं. घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये साधारणपणे विक्रीला मनाई असते. दुकानातून लोकांना वायफाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही रीतसर वाट आहे, त्यात छोट्या दुकानदाराला परवाना लागत नाही.

वीज गेली तर फायबर चालू राहतं, फक्त आपल्या डब्या बंद पडतात. बहुतेक डब्या १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा, व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. फायबरची डबी, राउटर, स्विच (सगळ्या वायरी एकत्र जोडणारी डबी) आणि माडीवरचा ॲक्सेस पॉइंट, साखळीतल्या प्रत्येकाला बॅकअप हवा, नाहीतर एक कडी तुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही.

शेवटचं काम मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला केलं. एक मोठा कागद चिकटवला. त्यावर वाड्याचा नकाशा, कोणती वायर कुठून कुठे जाते ते, प्रत्येक डबीचा घरगुती पत्ता, कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख आणि कोणाची पाळी, आणि नेट गेलं तर पहिल्यांदा काय बघायचं ते काकूंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कापडी टेपवर नाव लिहिलं आहे: माडी, चौक, पुढचं. मागच्या महिन्यात मी इंदूरला असताना नेट गेलं, तेव्हा काकूंनी फोनवर मला फक्त एवढं विचारलं की ‘चौक’ची वायर स्विचमधून निघालेली दिसते, ती कोणत्याही भोकात लावली तर चालेल ना. चालते.